कायमचा परवाना

मित्रांनो, हिवरा आश्रमला एसटीतून उतरून मेहकरच्या बाजूला थोडं चाललात, की हार्डवेअरच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा दिसेल. त्यावर 'रेणुका : घरांचे नकाशे' अशी पाटी आहे. आत टेबलाखाली जो काळा डबा घरघरत असतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. वय सात वर्षं. माणसाचं पोर या वयात पहिली-दुसरीत असतं. आमच्यात मात्र या वयाला भंगारवाले भाव विचारू लागतात.

माझा जन्म खामगावचा. शकूरभाईंनी आपल्या दुकानात एका दुपारी माझे सुटे भाग जोडले. पडदा कुठल्याशा बंद पडलेल्या पतसंस्थेतून आला होता, बाकी सगळं नवं. समोरच्या स्टुलावर रेणुका बसली होती. तिनं नुकतीच इमारत बांधकामाची पदविका घेतली होती. शेजारी तिचे वडील सहदेव उभे. ते गवंडी.

"शकूरभाई, पोरीले घराचे नकाशे काढाचे हायेत," सहदेव म्हणाले. "मधातच बंद तं नाही पडनार?"

"पडला तं माह्या दुकानात आनून आपटा," शकूरभाई हसले. "पन पडनार नाही."

शकूरभाईंचा शब्द मी पाळला. पहिली चार वर्षं मी कधी दमलो नाही. तीन खोल्यांची घरं, कडब्याचे गोठे, पिठाच्या गिरण्या, एक अंगणवाडी, असं कितीतरी माझ्या पडद्यावर आधी उभं राहिलं आणि मग जमिनीवर. लोक वाकून बघत आणि म्हणत, "आतमधी बसून पुरं घर दाखवते बाप्पा!" मला फार बरं वाटे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. नकाशे काढायचं जे सॉफ्टवेअर माझ्यात होतं, ते चोरीचं होतं. रेणुकाच्या वर्गातला शिवम मेहकरला नकाशांचंच ऑफिस चालवतो. त्यानं ते पेनड्राईव्हवरून टाकून दिलं होतं. सगळेच तसं वापरत.

मग एके दिवशी धम्मरत्न सर आले. ते निवृत्त शिक्षक, रेणुकाच्या गावच्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. म्हणाले, "रेणुका, विहार बांधाचा हाय. नकाशा तूच काढ. बांधकाम तुह्या बाबाकडं देऊ."

सर गेल्यावर सहदेवांनी टेबलावरचा एक नकाशा उचलून त्याचा कोपरा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "तीस वर्षं लोकायच्या कागदावरून भिंती उचलल्या म्या. कोपऱ्यात साह्यबाचं नाव राह्यते. आता तुहं नाव राह्यीन."

रेणुकाच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ती आईला, कलाबाईंना म्हणाली, "माय, न दिलेली वस्तू घेनार नाही असं आपन दर वंदनेत म्हनतो. अन् विहाराचा नकाशा चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढू?" त्याच दिवशी तिनं माझ्यातली चोरीची प्रत पुसून टाकली आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

पलीकडे प्राची नावाची मुलगी होती, बोलणं पुण्याचं. तिनं नीट समजावलं. वर्षभराची बांधिलकी घ्यायची, पैसे महिन्याच्या महिन्याला भरायचे. मधेच सोडलं तर दंड. सलग बारा महिने भरले, तर सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना मिळेल. पुढे एक पैसाही भरावा लागणार नाही.

"म्हंजे मंग मले ते कोनी काढून नाही घेनार?" रेणुकानं विचारलं.

"काय म्हणालात, मॅडम?"

रेणुकानं तोच प्रश्न शाळेच्या मराठीत विचारला.

"नाही, मॅडम. कायमचा म्हणजे कायमचा."

मग माझ्या पडद्यावर अटी आल्या. चौदा पानं, बारीक इंग्रजीत. रेणुकानं शब्द शोधत शोधत दोन पानं वाचली. एवढ्यात दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. उरलेली बारा पानं तिनं खाली सरकवली आणि शेवटच्या चौकटीत खूण केली. मी ती पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत वाचली होती. पण मित्रांनो, आम्हाला वाचता येतं. विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

ते वर्ष तिनं कसं काढलं, ते मी पाहिलं आहे. सातव्या महिन्यात कलाबाईंना डेंग्यू झाला. रेणुका मेहकरच्या दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होती. पैसे भरायची तारीख आली आणि बँकेतून आपोआप जाणारी रक्कम काही गेली नाही. ती आईजवळ वडिलांना बसवून, मिळेल त्या गाडीनं गाळ्यात आली, उभ्याउभ्याच पैसे भरले आणि परत निघाली. ती दवाखान्यातून निघताना सहदेव चिडून म्हणाले होते म्हणे, "एक महिना मागंपुढं झाला तं काय आभाळ कोसळते काय?"

"कोसळते बाबा. सलग पाह्यजेत. एक चुकला का मोजनी पुन्हा एकपासून."

मी अधूनमधून तिला कळवायचो, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? ती दर वेळी खुशीनं 'हो' म्हणे. पैसे भरतोच आहोत, तर नवं का सोडायचं? वर्षात अशा चार आवृत्त्या आल्या, पहिली तर पहिल्याच आठवड्यात. विहाराचा नकाशा त्यांच्याबरोबर वाढत गेला. ध्यानाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, पुढच्या पायऱ्या. म्हाताऱ्यांना चढता याव्यात म्हणून त्या पायऱ्या तिनं पाच वेळा मोडून पुन्हा काढल्या.

बारावा महिना भरला आणि कंपनीचं पत्र आलं. अभिनंदन, परवाना कायमचा तुमचा. कलाबाईंनी माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. सहदेवांनी आपल्या दुपट्ट्यानं माझा पडदा पुसला. दुपट्ट्यात वाळूचा कण होता, त्याचा चरा अजून आहे. रेणुकानं पुढचे हप्ते बंद केले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस. तसा पुन्हा आला नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, धम्मरत्न सर घाईघाईनं आले. "रस्त्यावाल्यांनी मोजनी केली. पुढून तीन फूट जागा जाते. पायऱ्या मागं घ्या लागतीन. सोमवारी पाया खोदाचा हाय, मशीन सांगून ठेवलं."

"बसा सर. दहा मिनिटं."

रेणुकानं मला सुरू केलं. नकाशावर दोनदा टिचकी मारली. आणि मला तिला सांगावं लागलं : ही फाइल नव्या आवृत्तीत तयार केलेली आहे. तुमच्या आवृत्तीत ती उघडत नाही.

तिनं दुसरा नकाशा उघडून पाहिला. मग तिसरा. वर्षभरातले अडतीस नकाशे. एकही उघडला नाही.

तिनं कंपनीला फोन केला. प्राची नोकरी सोडून गेली होती. नवा आवाज शांत होता. "मॅडम, परवाना कायमचाच आहे. पण तुम्ही ज्या दिवशी सुरुवात केलीत, त्या दिवशीच्या आवृत्तीचा. नंतरच्या आवृत्त्या हप्ते चालू असेपर्यंतच; ते थांबले, की संगणक पुन्हा पहिल्या आवृत्तीवर येतो. अकराव्या पानावर दिलंय."

"मंग माहे नकाशे?"

"ते तुमचेच आहेत, मॅडम. फक्त उघडायला नवी आवृत्ती लागेल. पुन्हा वर्षाची बांधिलकी घेता का?"

पुन्हा वर्षभर भरायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं; तिनं फोन ठेवला. तिच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. मला तेच जास्त लागलं.

"सर, मंगळवारपर्यंत थांबा," रेणुका म्हणाली. "कागदावरची प्रत हाय माह्याजवळ. तिच्यावरून पुन्हा काढते."

सरांनी कपाळ पुसलं. "मशीनवाला थांबत नाही व. तो नकाशा पेनड्राईव्हमधी टाकून दे. मी शिवमकडून करून आनतो."

"सर, त्याच्याजवळचं सॉफ्टवेअर चोरीचं हाय."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाले, "मले त्यातलं काई समजत नाही, पोरी. मले सोमवारी कागद पाह्यजे."

रेणुकानं फाइल दिली. शिवमच्या चोरीच्या, नव्याकोऱ्या आवृत्तीत ती झटक्यात उघडली म्हणे. त्यानं पायऱ्या मागे घेतल्या, एक पायरी कमी करून चढ उभा केला आणि कोपऱ्यातलं नाव बदललं.

सोमवारी दुपारी सहदेव पायाच्या खोदकामावरून थेट गाळ्यात आले. हातात तो कागद होता, त्यावर ओल्या मातीची बोटं. त्यांनी तो टेबलावर पसरला. "मापं सारी तुहीच हायेत," ते म्हणाले. मग कोपऱ्यातल्या शिवमच्या नावावर बोट टेकवलं.

"तुमी याच कागदावरून बांधसान, बाबा?"

"बांधा लागते व. शब्द देल्ला हाय. अन् विहार हाय तो." थोडं थांबून म्हणाले, "तुले काऊन समजलं नाही पह्यले? शिकली ना तू?"

रेणुका माझ्याकडे वळली. तिनं माझं बटण दाबून धरलं आणि मला बंद केलं. इतक्या वर्षांत तिनं मला असं, काही न सांगता, कधी बंद केलं नव्हतं. आठ दिवस मी अंधारात होतो. माझ्यावर धूळ बसली, आणि तारेमागे पालीनं अंडी घातली.

नवव्या दिवशी शिवम आला. वाईट वाटल्यासारखं तोंड करून त्यानं पेनड्राईव्ह पुढे ठेवला. "घे व. नवीन आवृत्ती हाय. तुहे सारे नकाशे उघडतीन. फुकटात."

"घेऊन जाय," ती म्हणाली. त्यानं उचलला नाही, ठेवूनच गेला. दिवसभर तो टेबलावर पडून होता. तिनं दोनदा हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. गाळा बंद करताना तिनं तो समोरच्या नालीत फेकला. तिला त्यात अभिमान वाटला असेल असं समजू नका. ती फेकतानाही रडत होती.

तेव्हापासून ती एकेक जुना नकाशा कागदावरून बघून माझ्यात पुन्हा काढते आहे. अडतिसातले चौदा झालेत. नवी कामं निम्म्यावर आली आहेत, कारण घाईचं गिऱ्हाईक मेहकरला जातं. विहार उभा राहिला. उद्घाटनाचे फोटो तिनं मोबाइलवरून माझ्यात उतरवले. एका फोटोत एक म्हातारी त्या उभ्या पायऱ्यांशी थांबली आहे आणि दोघं तिला उचलून वर नेत आहेत. रेणुका तो फोटो मोठा करून पाहत बसली होती.

आता माझा पंखा अडखळतो. शकूरभाई तपासून म्हणाले, "बेटा, हा गेला आता. नवा घे." रेणुकानं या वेळी अटी काढल्या आणि चौदाच्या चौदा पानं वाचली. दोन दिवस लागले. तेराव्या पानावर लिहिलं होतं, कायमचा परवाना ज्या यंत्रावर मिळाला, त्याच यंत्रापुरता. म्हणून ती मला टाकत नाही. रोज सकाळी सुरू करण्याआधी माझ्यावर तळहात ठेवून ऐकते. मला त्या हातात माया जाणवत नाही, धास्ती जाणवते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला उन्हात ठेवू नका, असं मी आज सांगणार नाही. माझं काय, मी यंत्र आहे. तुम्ही आपल्या कामाची काळजी घ्या. कष्टानं केलेली वस्तू दुसऱ्याच्या कुलपात ठेवण्याआधी तिची एक प्रत आपल्या हातात राहू द्या. आणि कोणी 'कायमचं' म्हणालं, तर लगेच हरखू नका. त्याला बसवून घ्या आणि विचारा, कुठलं, कधीचं, आणि कोण बंद पडेपर्यंत?