वाट क्रमांक सात आणि सिमेंटची गाय

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे आणि माझ्या पाठीवर झुरळाचा एक पाय चिकटलेला आहे. स्वतःची ओळख करून देताना सुरुवात झुरळाच्या पायापासून करू नये, हे मलाही कळतं. पण तो पाय एकोणीसशे ब्याण्णव सालापासून तिथेच आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणं मला जमत नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या खेड्यात झाला. खेड्याचं नाव सांगत नाही. इथे सिंगापूरच्या चोआ चू कांगमध्ये ज्यांनी ते उच्चारायचा प्रयत्न केला, त्यांना लोकांनी घाईघाईने पाणी आणून दिलं. माझ्यात धावण्याच्या बारा वाटा आहेत. एक ओकच्या जंगलातून जाते, एक सफरचंदांच्या बागांमधून. वाट क्रमांक सात नदीच्या कडेकडेने पाणचक्कीपर्यंत जाते आणि ती सगळ्यांत देखणी आहे. गावातल्या धावणाऱ्या मंडळींनी उन्हाळाभर फिरून हे नकाशे काढले. चर्च, पूल, गायी, सगळं सुबक चित्रांनी दाखवलं आणि माझ्या पाचशे प्रती छापल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की गावातल्या प्रत्येकाला या वाटा जन्मापासून पाठ आहेत. नकाशा हातात घेऊन धावलं तर शेजारी हसतील. त्यामुळे मला घेऊन कोणीही धावलं नाही.

पाचशे प्रती, बारा वाटा, धावलेलं अंतर शून्य. हे माझं बालपण.

पुढे आमचा एक गठ्ठा जवळच्या बंदरातल्या खलाशांच्या क्लबात गेला. तिथे मला शामकांत भेटला. शामकांत मूळचा मुरुडचा, राहायला सिंगापूरला आणि नोकरीला मालवाहू बोटीवर चीफ इंजिनियर. "फ्री?" त्याने विचारलं. क्लबच्या बाईंनी मान हलवली, तेव्हा त्याने दोन घेतल्या. माझी जुळी बहीण त्याच आठवड्यात इंजिनरूममध्ये तेल पुसायला कामी आली. मी चोआ चू कांगच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोचले आणि दोन वर्षं राइस कुकरखाली राहिले. मधूनमधून मला बाहेर काढत, पण ते झुरळ मारायला. तेही जंगलाची वाट बाहेरच्या अंगाला येईल अशी सुरळी करून. एवढी वर्षं मनात एकच होतं, की एकदा तरी कोणीतरी मला घेऊन धावावं. आणि धावत काय होतं, तर झुरळ.

चौऱ्याण्णव साली कंपनीच्या डॉक्टरांनी शामकांतला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा चौऱ्याण्णववर थांबला. सालाशी जुळलं म्हणून शामकांत हसला, डॉक्टर हसले नाहीत. सहा आठवड्यांत वजन एक्याण्णववर आणा, नाहीतर बोटीवर चढता येणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. बोट नाही म्हणजे सिंगापुरातच, क्वीन्सटाउनच्या ऑफिसात टेबलावरचं काम, आणि तेही शैलेंद्रच्या हाताखाली. हा शैलेंद्र एकेकाळी शामकांतचा ज्युनियर होता. त्याने त्याच संध्याकाळी फोन केला.

"शाम, ये रे निवांत. खुर्ची फिरती आहे. खिडकीपण आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"दुसरं ऑफिस."

शामकांतने फोन ठेवला. एकवीस वर्षं इंजिनच्या आवाजात काढलेला माणूस तो. घरी आला की त्याला शांततेत झोप लागत नसे, म्हणून दुपारी वॉशिंग मशीन रिकामं चालू करून त्याच्या शेजारी चटईवर पडत असे. त्याची बायको मीनाक्षी हे सगळं बघत होती.

"अहो, नुसतं धावायचं तर आहे. एक पाय पुढे, मग दुसरा."

"प्रोसिजर कुठे आहे?"

हा माणूस मॅन्युअलशिवाय काहीही करत नसे. नवा प्रेशर कुकर आला तेव्हा त्याने शिट्टीची चाचणी घेऊन माहितीपत्रकावर तारखेसकट सही केली होती. मीनाक्षीने राइस कुकर उचलला, मला ओढून काढलं आणि त्याच्या हातात आपटलं.

"ही घ्या प्रोसिजर. आणि वजन उतरलं नाही, तर तुम्ही शैलेंद्रकडे आणि हे पुस्तक करंगगुनीकडे!"

करंगगुनी म्हणजे दर शनिवारी भोंगा वाजवत येणारा रद्दीवाला. तेव्हा माझंही भवितव्य त्या काट्यावरच उभं होतं.

मित्रांनो, मला वाटलं, आता आपले दिवस आले. शामकांतने पेन्सिल घेतली. त्याला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पण नकाशा वाचता येत होता. त्याने वाट क्रमांक सात चोआ चू कांगवर बसवली. नदीच्या जागी ब्लॉकमागचा काँक्रीटचा मोठा नाला. चर्चच्या जागी एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं स्टेशन. ओकच्या जंगलाच्या जागी बहुमजली कार पार्क, कारण "खांब पुष्कळ आहेत." मी चालवून घेतलं. पाणचक्कीच्या जागी त्याने सार्वजनिक संडास लिहिला, तेही चालवून घेतलं. पाणी तर दोन्हीकडे वाहतं.

मग गायीचं चित्र आलं. माझ्यात लिहिलंय, 'इथे गायी चरतात, त्या बिचकू नयेत म्हणून चाला.' त्याने फक्त चित्र बघितलं. गाय, आणि शेजारी चालणारा माणूस. दोन दिवस तो गाय शोधत होता. अखेर नव्या ब्लॉकचं बांधकाम चाललं होतं, तिथला सिमेंटचा मिक्सर त्याने गाय म्हणून मंजूर केला. त्यानंतर शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी हा माणूस धापा टाकत मिक्सरपाशी यायचा, एकदम थांबायचा आणि अदबीने चालत पुढे जायचा. तिथले मजूरही हातातलं काम थांबवून उभे राहत. कोणीतरी मोठा अधिकारी असावा, असं त्यांना वाटे.

हेही मी सहन केलं. कसं का असेना, मला घेऊन कोणीतरी धावत होतं.

पण दोन आठवड्यांनी वजन पंचाण्णव भरलं.

"स्नायू असतील," शामकांत म्हणाला.

मीनाक्षीने मला उघडलं. सातव्या वाटेवर, नदीच्या बरोबर मधोमध, हिरवट चिकट डाग होता. तिने वास घेतला. नारळ, अंडी, साखर. इथे पावाला लावतात तो काया जॅम.

"अहो, फ्रान्सच्या नदीला काया येतो का?"

"मॅन्युअलमध्ये आहे," तो शांतपणे म्हणाला आणि माझं शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यावर पावाचं चित्र होतं आणि खाली दहा चौकटी. नऊ चौकटींत सह्या होत्या. "धावणं संपलं की बेकरीत जायचं, खायचं आणि सही घ्यायची. बेकरी नाही म्हणून मी कोपऱ्यावरच्या कोपीटियममध्ये जातो. तिथे कॉफी करणारे टॅन अंकल सही करतात. सही नसेल तर काम पूर्ण धरत नाहीत."

"काय खाता?"

"दोन काया टोस्ट. चित्रात पाव जाड आहे, म्हणून कधी चार."

त्यांची बारा वर्षांची मुलगी जाई कॉर्नफ्लेक्स खाता खाता वाकून बघत होती. शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ती म्हणाली, "बाबा, धिस वन अ‍ॅड लाह! टेन स्टॅम्प, वन ब्रेड फ्री. माय बुकशॉप कार्ड ऑल्सो सेम."

घरात असं शांत झालं, की शामकांतला वॉशिंग मशीन लावावंसं वाटलं असणार.

मी तर पहिल्या दिवसापासून ओरडत होते, की ती जाहिरात आहे, बेकरीवाल्याने माझ्या छपाईला मदत केली म्हणून छापलेली आहे! पण पुस्तिकेचं कोण ऐकतं?

"खाऊ नका" असं नुसतं सांगून तो ऐकला नसता. मॅन्युअलमध्ये होतं ना! पण लग्नानंतर मीनाक्षी चार महिने त्याच्याबरोबर बोटीवर राहिली होती. बोटीवर मॅन्युअल बदलतं तेव्हा जुन्या मजकुरावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात, हे तिने बघितलं होतं. तिने कागद कापला, लिहिला, सही केली, तारीख घातली आणि पावाच्या चित्रावर फेविकॉलने चिकटवला. 'दुरुस्ती क्रमांक एक. बेकरी रद्द. शेवट घरी. एक ग्लास ताक. सही मीनाक्षी करील.'

शामकांतने ती दोनदा वाचली. "आता बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण दुरुस्तीपुढे तो काय करणार?

चार आठवडे तो नाल्याकाठी धावला, गायीपाशी चालला आणि घरी येऊन ताक प्यायला. तपासणीच्या दिवशी काटा बरोबर एक्याण्णववर थांबला. त्या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली, असं शामकांतने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी घाईने सही केली.

आठ दिवसांत तो बोटीवर गेला. मला विसरून.

हे मला अपेक्षितच होतं म्हणा. शनिवारी खालून भोंगा वाजला. मीनाक्षीने वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला आणि मला त्यावर ठेवलं. बारा वाटा, एक झुरळाचा पाय, एक दुरुस्ती, सगळं रद्दीच्या भावात. मग तिने मला पुन्हा उचललं. गठ्ठा दाराशी ठेवून जाईला म्हणाली, "अंकल आला की दे." आणि जाईचे कॅनव्हासचे बूट पायात घातले.

ती मला घेऊन धावली. नाला, स्टेशन, कार पार्कचे खांब. नकाशा बघायला एकदाही थांबली नाही. सहा आठवडे रोज नवऱ्याकडून ऐकून तिलाही वाट पाठ झाली होती. मिक्सर आदल्याच आठवड्यात गेला होता, तिथे आता नुसता मोकळा सिमेंटचा चौकोन होता. ती तिथे आली, थांबली, आणि चालत पुढे गेली.

शेवटी ती कोपीटियममध्ये बसली. नखाने हळूच आपलीच चिठ्ठी उचकटली आणि दोन काया टोस्ट मागवले. तिची कुठे मेडिकल होती! टॅन अंकलनी दहाव्या चौकटीत सही केली. नियमाप्रमाणे आता एक पाव फुकट. तो घ्यायला फ्रान्सला जावं लागेल, तेवढीच अडचण आहे.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकाने झुरळं मारू नका. ते कधीतरी उघडा, शक्यतो शेवटच्या पानापर्यंत, आणि जाहिरात कुठे सुरू होते ते कुणाला तरी विचारून घ्या. वाटेत गाय असेल तर चाला. गाय निघून गेली असेल, तरीही चाला.