जयवंतीचं मत

रविनाला कळा सुरू झाल्या म्हणून झोळीत घालून पाड्यावरून खाली नेलं ते आषाढात. वांगणीच्या अलीकडचा ओहोळ दुथडी भरून वाहत होता. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती आणि अलीकडे जयवंती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन पाणी उतरायची वाट बघत होती. पाणी उतरलं तेव्हा पोटातलं बाळ गेलं होतं आणि रविनाही गेली होती.

थंडीत ग्रामपंचायतीची निवडणूक आली. जयवंती चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत असताना तिचा नवरा धोंडी म्हणाला, "उद्या सकाळी मतदानाला न्यायला रोहिदासची जीप येईल. आपल्या घरची मतं त्यालाच. सांगायला नको ना?"

"मी नाय येनार."

"का?"

"सून गेली माझी. आता कुनाला मत देऊन काय करायचंय?"

धोंडी चिडला. "दहाव्याला तांदूळ त्यानंच धाडले होते. इसरलीस?"

तेवढ्यात चंद्रकलाबाई दारात आल्या. पाड्यावरच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं. रविना त्यांच्याच हाताखाली शिकलेली. बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"तांदूळ आले धोंडी, पण ओहोळ ओलांडायला साकव आला का?" त्या म्हणाल्या. "रोहिदास किती वर्षं सरपंच आहे?"

बाई जयवंतीजवळ बसल्या.

"तू घरी बसलीस तर त्याचं काहीच अडत नाही. मागच्या वेळी कुणाला मत दिलंस?"

"ह्यांनी सांगितलं त्याला. बाईमानसाला त्यातलं काय कळतं?"

"अगं, हेच तर साऱ्या जगात बायकांना सांगत आले! विलायतेत मत मागणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकलं. आपल्या मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या काळात बाईला मत मिळालं, पण ते जमीनजुमला असणारीला. तुझ्या आजीला कोण विचारणार? स्वातंत्र्यानंतर घटना आली आणि तिनं बाईला, बाप्याला, सगळ्यांना सारखं मत दिलं. पण पहिल्या निवडणुकीत नावं लिहायला माणसं आली, तेव्हा कित्येक बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून झालं. तशा लाखो बायांना यादीतून वगळलं. मत होतं, पण बाईच नव्हती!"

जयवंतीच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. बाई उठताना हळूच म्हणाल्या, "रोहिदासविरुद्ध पुष्पा उभी आहे सरपंचपदाला. तिलाच दे असं मी म्हणत नाही. तुला पटेल त्याला दे. पण तुझं तू दे."

सकाळी ओहोळाच्या कोरड्या पात्रातून जीप वर आली. बाया चढल्या. रोहिदासचा माणूस प्रत्येकीला निशाणी समजावू लागला. जयवंतीने एक पाय वर ठेवला आणि तिची नजर ओहोळाकाठच्या त्या सपाट दगडावर गेली. तिथेच ती बसली होती, मांडीवर रविना होती. तिने पाय खाली घेतला.

"काय झालं?" धोंडी खेकसला.

"मी चालत जाईन. आन कुनाला मत द्यायचं ते मना कुनी सांगायचं नाय!"

धोंडीचा हात उठला, पण जिथल्या तिथे थांबला. त्यानेही त्या दगडाकडे पाहिलं होतं. तो बाजूला झाला. सात महिन्यांच्या पोटाची वेणू जीपमधून उतरली. मागोमाग काळी उतरली, गोदी उतरली. उरलेल्या बाया मान खाली घालून बसून राहिल्या.

पुष्पा हरली. थोडक्यात हरली, पण हरलीच. त्या दिवशी जयवंतीने चूल पेटवली नाही.

मात्र मतं घटलेली बघून रोहिदास धास्तावला. माघात स्वतः पाड्यावर आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "बायांचं काय म्हननं हाय?" हा प्रश्न त्याने कधीच विचारला नव्हता. जयवंती पुढे झाली. "साकव पायजे. आमी दर ग्रामसभेला येनार, आन दर खेपेला हेच इचारनार."

वेणू फाल्गुनात सुखरूप बाळंत झाली, कारण तेव्हा ओहोळात पाणी नव्हतं आणि गाडी पाड्यापर्यंत आली. पावसाआधी साकवाचे फक्त दोन खांब उभे राहिले. म्हणजे या आषाढातही कुणाला दुखायला लागलं तर झोळीच. रविना तर परत येणार नाहीच.

वाचकहो, मत दिलं म्हणून दुसऱ्या दिवशी साकव उभा राहत नाही. पण जिचं मत दुसराच ठरवतो, तिचं मरण कुणाच्या हिशेबात येत नाही. आपल्या घरातल्या बाईचं मत तिचं तिला देऊ द्या. आणि बायांनो, ते कुणी देईल म्हणून थांबू नका. ते तुमचंच आहे!