तोंडी परीक्षेला ट्रक

पूर्वी नावाची मुलगी शाळेत बोलली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण अजून ती बोललेली नाही.

पाचवीतल्या पूर्वीची घरी टकळी चालू असायची आणि शाळेत तोंडाला कुलूप. तोंडी परीक्षेतही गप्प राहिली तर दुसरी शाळा बघा, असं मुख्याध्यापिका विमलाबाईंनी तिच्या आईला बजावलं होतं. नाटक शिकवणाऱ्या संचिताबाईंना मात्र एकच प्रश्न छळत होता: घरी बोलणारी ती पोरगी रोज सकाळी शाळेत येताना नेमकी मागे राहते कुठे?

त्या दिवशी नाटकाच्या तासाला त्यांनी वर्गातच ट्रकांनी गजबजलेला काशीमीराचा नाका उभा केला. अर्धा वर्ग एकमेकांना धरून ट्रक झाला आणि उलटा चालत भिंतीकडे निघाला. पूर्वीचे पप्पा ट्रकवाले. तिला राहवेना. धावत मागे जाऊन तिने ट्रकच्या पाठीवर थापा मारल्या.

"आने दे, आने दे! लेफ्ट काट! अरे, आंधळा आहेस काय? बस्स!"

उरलेला अर्धा वर्ग तिला बघायला बाकांवर चढला. ट्रक तेवढा वेळेत थांबला.

मग संचिताबाई स्वतःच पाठमोऱ्या होऊन तिच्याकडे सरकू लागल्या. "नऊ साते?"

"त्रेसष्ट! आने दे!"

"राज्याची राजधानी?"

"मुंबई! बस्स बाई, फळ्याला लागाल!"

विमलाबाई दारातून बघत होत्या. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण बाहेरचे परीक्षक काय उलटे चालणार आहेत?"

संचिताबाईंनी त्याच दुपारी वर शिक्षण खात्याकडे अर्ज धाडला: 'सदर विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेसाठी परीक्षा दालनात एक सहाचाकी ट्रक मागे घेण्यास परवानगी मिळावी. ट्रक उपलब्ध नसल्यास माननीय परीक्षकांनी उलटे चालावे, ही नम्र विनंती.'