शेऱ्याचा रकाना

पक्षी स्वयंपाकघराच्या काचेवर आपटून मेला, तेव्हा मी चहा गाळत होतो. राखाडी अंग, मानेवर पिवळी रेघ. बायकोच्या वहीत हुबेहूब असाच काढलेला होता. चार वर्षांपूर्वी याच खिडकीशी उभी राहून ती दोनदा ओरडली होती, "अहो, बघा ना! अहो, लवकर!" मी पेपरातलं कोडं सोडवत होतो. नंतर पाहुण्यांसमोर मी तिला थापाडी म्हणून चिडवलं. "हिला कावळाही मोर दिसतो!" सगळे हसले. तीही हसली, पण वही कपाटात गेली ती गेलीच. मागच्या वर्षी तीही गेली.

पक्षी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वहीसकट संग्रहालयात नेला.

तिथल्या पक्षीतज्ज्ञ बाई तोलून मापून बोलणाऱ्या. त्यांनी पट्टीने चोच मोजली, पंख ताणून पाहिला, एक पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. हा कुठला तरी साधा पक्षी निघाला असता, तर तिला दुसऱ्यांदा थापाडी ठरवायलाही मीच पुढे झालो असतो.

"इकडे हा पक्षी आल्याची एकही नोंद नाही," त्या म्हणाल्या. "ही पहिलीच."

"पहिली नाही," मी वही पुढे केली.

दुपारभर त्यांनी कातडं सोडवलं, आत कापूस भरला. डोळ्यांच्या जागीही कापूसच. मी स्टुलावर बसून राहिलो. घरी कोण वाट बघणार होतं? मग त्यांनी पायाला बांधायची चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख, जागा, कुणाला सापडला. तिथे माझं नाव पडलं. खाली शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

"तिथे हिचं लिहा ना. आधी हिनेच पाहिला."

"नुसता पाहिलेला असेल तर दुसरा साक्षीदार लागतो, काका. तेव्हा घरात आणखी कोण होतं?"

"मी."

"मग झालं की! तुम्हीही पाहिलात ना?" पेन टेकवून त्या थांबल्या.

एक 'हो' म्हटलं की काम फत्ते. इतकी वर्षं तिला थापाडी म्हटलं, आता तिच्यासाठी एक थाप मारायला काय हरकत होती? पण तिच्या खऱ्याला माझं खोटं जोडायचं? जीभ रेटेना.

"मी तिथेच होतो," मी म्हणालो. "तिने दोनदा हाक मारली. मी मान वर केली नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. वही मिटून मला परत दिली, दोन्ही हातांनी.