हिवाळी टायरचं अभ्यंग

मित्रांनो, गाडीला चाकं असूनही गाडीच्या आत बसून प्रवास करणारा टायर तुम्ही पाहिला आहे का? तो मी. फार म्हातारा नाही, चार हिवाळे पाहिले आहेत. पण टायरांमध्ये तेवढ्यात केस पिकायची वेळ येते.

मी हिवाळी टायर आहे. माझ्या कुशीवर तीन शिखरांचा छोटासा डोंगर कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात बर्फाचं एक फूल. ती माझी जन्मखूण. कडाक्याच्या थंडीत साधे टायर लाकडासारखे टणक होतात, तेव्हाही माझं रबर मऊ राहतं. अंगभर बारीक बारीक चिरा आहेत. लहान मूल आईचा पदर धरतं तशा त्या बर्फाला धरतात. मात्र उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर मला चालवाल तर साबणासारखा झिजून जाईन.

मग हा पुण्यात काय करतो, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत आनंदीबाई राहतात. त्यांनी हे पहिल्याच दिवशी जिन्यात उभ्या राहून विचारलं होतं. "उत्कर्षा, यंदा इथे बर्फ पडणार आहे का? नाही, तसं असेल तर मी कुरडया घालत नाही."

उत्कर्षा हसली. ती बर्फ मोजते. खरंच, तिचं कामच ते आहे. डोंगरात किती बर्फ पडला, त्यातून नद्यांना किती पाणी येईल, हे पाहायला ती दर हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनालीच्या पलीकडे जाते आणि फाल्गुनात परत येते. जाताना पुण्याहून साधे टायर लावून निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी ते उतरवून आम्हाला चढवायचं.

आम्हाला निवडलं ते आळंदी रस्त्यावरच्या मकसूदभाईंच्या दुकानात. उत्कर्षा दोनच टायर घ्यायला गेली होती.

"दोन नको ताई," मकसूदभाई म्हणाले. "पुढचे धरतील, मागचे घसरतील आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. चारही भाऊ एका घरचे पाहिजेत." त्यांनी माझ्या रबरात नख दाबून पाहिलं, मला कधी घडवलं ती खूण वाचली आणि माझ्या पाठीवर खडूने लिहिलं, 'पुढचा डावा'. तेच माझं बारसं.

हिवाळा सोडून उरलेले महिने आम्हाला ठेवायचे कुठे? ऊन नको, गच्ची नको, जागा गार आणि अंधारी हवी. उत्कर्षाच्या दोन खोल्यांच्या घरात अशी जागा एकच होती, देवघराशेजारचा कोपरा. घरात राहणाऱ्या दोघीच, ती आणि तिची आई द्वारकाबाई. सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या, रोजचा नेम कधी न चुकवणाऱ्या. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"चामडं नाही ना गं हे?"

"नाही गं आई, रबर आहे. झाडाचा चीक."

"झाडाचा चीक? मग चालेल."

आणि आम्ही चौघे भाऊ देवाच्या शेजारी राहायला गेलो! द्वारकाबाईंनी आमच्यावर आपलं जुनं सुती लुगडं पांघरलं. एकाच अंगावर उभे राहून आम्ही चेपू नये म्हणून दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट पाहताना, त्या आम्हाला थोडं थोडं फिरवून ठेवत. सकाळी घंटा, मग फुलांचा वास, मग हळू आवाजातलं स्तोत्र. एवढं भाग्य कुठल्या टायरच्या वाट्याला आलं असेल?

पण त्या घराला एक काळजी होती. पोरीने त्या वाटेला जाऊच नये असं द्वारकाबाईंना वाटे. बोलून दाखवत नसत, पण उत्कर्षा निघाली की त्यांचं एकभुक्त सुरू होई. ती परत येईपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं. गेल्या फाल्गुनात, लेक यायच्या आदल्या दिवशीच, त्या देवासमोर चक्कर येऊन पडल्या होत्या. आनंदीबाईंनी धावत येऊन उचललं. "लेकीला सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा दिवाळीतच बातमी आली की डोंगरात मोठा बर्फ लवकर पडणार. त्याआधी तिथे पोचून यंत्रं लावायला हवी होती. उत्कर्षाने नरक चतुर्दशीच्या सकाळी निघायचं ठरवलं. ऐन दिवाळीत! द्वारकाबाईंनी पहाटे पाट मांडला, लेकीला कोमट तेल लावलं, उटणं लावलं. लेकही लहानपणासारखी मुकाट्याने बसली.

उत्कर्षा केस वाळवायला गेली. वाटीत तेल उरलं होतं. द्वारकाबाई ती वाटी घेऊन आमच्याकडे आल्या, पांघरूण काढलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"तिला धरणारे तुम्हीच ना? मग तुम्हाला कोण तेल लावणार?"

आणि मित्रांनो, त्यांनी आम्हाला अभ्यंग घातलं! आधी मला, मग भावांना. चिरेचिरेतून त्यांची बोटं फिरली. वर उटणंही चोळलं. एवढ्या मायेने मला कुणीच कधी हात लावला नव्हता. पण मला आतून ओरडावंसं वाटत होतं. तेल आम्हाला विषासारखं. त्याने रबर फुगतं, सैल पडतं, आणि तेलकट अंगाने मी बर्फाला काय धरणार? माझं घसरणं म्हणजे उत्कर्षाचं घसरणं. हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

"तुझे कपडे मळतील," असं म्हणत द्वारकाबाईंनी प्रत्येकाला जुन्या साडीत गुंडाळून दिलं. उत्कर्षाने काही न पाहता आम्हाला गाडीत भरलं.

तेव्हा वर स्वयंपाकघरात, हे मला नंतर कळलं, वाटेतल्या शिदोरीसाठी द्वारकाबाईंनी बटाटे उकडायला कुकर लावला होता. शिट्टी होईना, बाजूनेच वाफ जाऊ लागली. त्यांनी झाकण काढलं तर रिंग फुगून ढिली झालेली. चकल्यांच्या तेलाच्या परातीत ती रात्रभर पडून राहिली होती. त्या रिंग हातात धरून पाहत राहिल्या. गोल, काळी, रबराची. ती त्यांच्या बोटांतून सुळकन निसटली. ती उचलून त्या तशाच अनवाणी जिना उतरल्या.

खाली गाडी सुरू झाली होती. आनंदीबाई दारात रांगोळी काढत होत्या.

"थांब गं," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "मी टायरना तेल लावलंय."

"काय लावलंय?"

"तेल. अभ्यंग घातलं. उटणंसुद्धा."

आनंदीबाईंची रांगोळी थांबली. "मग ओवाळूनही घ्या द्वारकाबाई. निरांजन देऊ का?"

उत्कर्षा मात्र हसली नाही. तिने गाडी बंद केली, एक साडी सोडली आणि माझ्यावरून हात फिरवला. हात तेलाने चकाकला.

"आई, त्या रस्त्याला एका बाजूला दरी असते गं!"

"म्हणून तर लावलं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि हातातली रिंग पुढे धरली. "पण हिची ही दशा झाली तेलाने. मग कळलं."

उत्कर्षा त्या रिंगकडे पाहत राहिली, मग पायरीवर बसली. राग यावा की रडू, तिलाच कळेना. शेवटी तिने मकसूदभाईंना फोन लावला.

"तेल? खायचं तेल?" मकसूदभाई म्हणाले, "आजच लावलंय ना? घाबरू नका. साबणाने चांगलं घासा, कोरडं करा, काही होत नाही. आणि पुढच्या दिवाळीला मला बोलवा, मावशींना म्हणावं, टायरांना आंघोळ मी घालतो!"

मायलेकी पार्किंगमध्ये बसल्या. भांड्यांचा साबण, रिठ्याचं पाणी, जुना ब्रश. द्वारकाबाई पाणी ओतत होत्या, उत्कर्षा घासत होती. मला घासता घासताच ती म्हणाली, "फाल्गुनात तू चक्कर येऊन पडलीस, ते मला कळलंय."

आनंदीबाई एकाएकी रांगोळीत फारच गुंग झाल्या.

"तुझा उपास माझ्यासाठीच ना, आई? पण घाटात वळण आलं की मला आठवतं, आई उपाशी असेल. मग स्टिअरिंगवर हात घट्ट राहत नाहीत. तेलच आहे गं तेही."

"नेम मोडायचा नसतो, बाळा."

"मोडू नकोस. बदल."

द्वारकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुन्हा भरला. पाणी ओतत राहिल्या. मग पदराने, एकेक चीर उघडून, त्यांनी मला कोरडं केलं. गाडी निघाली तेव्हा चांगलंच ऊन वर आलं होतं.

तीन दिवसांनी, डोंगराच्या पायथ्याशी आम्हाला चढवलं. उत्कर्षाने थंडीत पुन्हा हवा तपासली, कारण गारठ्यात आमच्या पोटातली हवा आकसते. आणि मग पहिला बर्फ आला. पहिल्या वळणाआधी माझ्या मनात धाकधूक होती. धरेन ना मी? गाडी वळली. माझ्या चिरांनी बर्फ पकडला. मागचे भाऊही हलले नाहीत. दरी तिथेच राहिली, आम्ही पुढे गेलो.

मुक्कामाला पोचल्यावर उत्कर्षाने काच खाली करून फोन लावला. त्या शांततेत पलीकडचा प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

"आई, पोचले."

"धरलं का गं त्यांनी?"

"धरलं."

"तू जेवलीस?"

"आता जेवेन. तू?"

"तुझी वाट पाहतेय. दुपारचं जेवण झालंय, हे दुसरं." पलीकडे भांडं वाजलं. "नेम बदललाय मी. दोन्ही वेळा, तू जेवलीस की मग मी जेवायचं. तेव्हा तिकडे काम काम करून उशीर करायचा नाही. इथे आनंदीबाई ताट वाढून बसल्यात, त्यांचे टोमणे मी किती वेळ ऐकू?"

उत्कर्षाने तिथेच, गाडीत बसून, शिदोरीतल्या चकल्यांचा डबा उघडला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना सावलीत ठेवा, साबणाने धुवा, हवा बघत जा. चिरा झिजल्या की हट्टाने पळवू नका, निवृत्त होऊ द्या. आणि कुणाला माया लावाल तेव्हा त्याला काय मानवतं तेवढं आधी पाहा. एवढीच विनंती.

माझ्या एका चिरेत उटण्याचा एक कण अजून राहिला आहे. तो मात्र काढू नका.