ऑन की इन

कुठलीही शपथ घ्यायला लावा, घेते! यातला शब्द न् शब्द खरा आहे. पटत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

दोघी जावा एकाच बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. घरी एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत, आणि इथे दिवसभर कोपराला कोपर. माईकवर पुकारणारी बाई निवृत्त झाली तसे साहेब म्हणाले, "उद्या दोघींनी इंग्रजीत पुकारा. जी चुकणार नाही, तिची खुर्ची."

धाकटीला ती खुर्ची हवीच होती. माईकची खोली वेगळी, वर दाराला आतून कडी. थोरलीच्या कोपरापासून कायमची सुटका! पण इंग्रजी बेताचं. शेवटी तिने नाक मुठीत धरून विचारलं, "जाऊबाई, बसला ऑन म्हणायचं की इन?"

"बसला ऑन. टॅक्सीला इन. आता डोकं खाऊ नकोस."

धाकटी मनात हसली. मीठ मागितलं तर साखरेचा डबा दाखवणारी ही बाई! ऑन म्हणजे वर. बसच्या टपावर काय माकडं बसतात? म्हणजे दोन्ही उलटं.

दुसऱ्या दिवशी तिने ठणकावून पुकारलं, "प्लीज गेट इन द बस!" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बस भरली. उरलेल्यांना टॅक्सीने पाठवायचं ठरलं.

"प्लीज गेट ऑन द टॅक्सी!"

एक आडदांड गृहस्थ बॅगेसकट टॅक्सीच्या टपावर चढला. टप असा खाली बसला की ड्रायव्हर रांगत बाहेर आला. थोरलीने माईक हिसकावला, दोन्ही बरोबर पुकारलं, आणि खुर्चीत बसली ती बसलीच.

"तुम्ही खरं सांगितलंत?" धाकटी फणफणली. "मला?"

"खोटं सांगितलं असतं तर उलटं करून पास झाली असतीस ना, भवाने!"

संध्याकाळी थोरलीने स्कूटर काढली. धाकटी रोजच्यासारखी मागे बसायला गेली.

"तू? ऑन फूट," थोरली म्हणाली आणि भुर्रकन निघून गेली.

धाकटी पाय आपटत चालत निघाली. वाटभर डोक्यात एकच: ही ऑन म्हणाली, म्हणजे नक्की इन फूट असणार.

बरं, शपथ घेतलीय म्हणून सांगते. टपाबिपावर कुणी चढलं नव्हतं, ते माझ्या पदरचं. लोक नुसते खो खो हसले. धाकटीला तेच जास्त झोंबलं.