वर्किंगचं उलट

करिष्माला बघायला केसरीनाथशेठ आले तेव्हा सोबत बायको, मुलगा आणि एक डायरी होती.

मुलगा म्हणजे प्रितम. त्याला मुलगी दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझी बहीण करिष्मा आणि तो वडपे गावच्या एकाच गोडाऊनमध्ये दोन वर्षं एकत्र डबा खात होते. ती डिस्पॅच बघते, तो ट्रान्सपोर्ट. घरच्यांना हे माहीत नव्हतं, म्हणजे माहीत नाही असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. त्यामुळे सोफ्याच्या दोन टोकांना बसून दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघत होते. प्रितमने तर स्वतःहून विचारलं, "तुमचं नाव?"

डायरीची भीती मात्र खरी होती. शेठची चार गोडाऊन, आणि त्यांचं सगळं इंग्रजी गोडाऊनच्या बोर्डांवरून आलेलं. वडप्यात इंग्रजी जोडीनेच राहतं. इन तिथे आउट, एंट्री तिथे एक्झिट, लोडिंग तिथे अनलोडिंग. एकटा शब्द शेठना सहसा भेटलाच नाही. म्हणून त्यांची समजूत अशी, की प्रत्येक इंग्रजी शब्दाला उलट शब्द असतो आणि सगळे उलट शब्द पाठ झाले की माणसाला इंग्रजी आलं. या सगळ्या जोड्या त्यांनी डायरीत उतरवून ठेवल्या होत्या.

त्यावर हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी इंग्रजी भाडेकरारावर मालकाने कुठे सही करायची आणि भाडेकरूने कुठे, यात शेठची गडबड झाली. पंधरा दिवस ते स्वतःच्याच गोडाऊनचे भाडेकरू होते. वॉचमन त्यांना गेटवर थांबवून आत विचारायला जायचा. तेव्हाच त्यांनी जाहीर केलं, घरात इंग्रजी येणारं माणूस हवं, सून येईल ती परीक्षा देऊन. आधीची एक मुलगी 'टेम्पररी'ला अडकली आणि परत गेली.

करिष्माला प्रितम हवा होता आणि नोकरीही. "दोन्ही," ती मला आदल्या दिवशी म्हणाली होती. "मला निवडायला लावलं तर तुझं डोकं फोडीन." माझा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

शिरा आला. शेठनी चष्मा लावला.

"घाबरू नको, पोरी. इन?"

"आउट."

"फुल?"

"एम्प्टी."

"धिस साइड अप?"

"दॅट साइड डाउन."

शेठनी बायकोकडे बघितलं. विनिताकाकू शिरा खात होत्या.

"इमर्जन्सी एक्झिट?"

करिष्मा जरा थांबली. "इमर्जन्सी... एंट्री?"

शेठनी डायरीत बोट फिरवलं. "बरोबर."

"नो स्मोकिंग?"

"स्मोकिंग!" बाबा ओरडले.

"पोरीच्या बापाने बोलायचा न्हाय," शेठ म्हणाले. "आता शेवटचा. वर्किंग?"

मी शेठच्या मागेच उभा होतो. डायरीत समोर लिहिलं होतं, हाऊसवाइफ. हा शब्द बोर्डावरचा नव्हता. मुलींच्या बायोडाटांमध्ये एकतर हे असतं नाहीतर ते, म्हणून शेठनी जोडी लावून टाकलेली. प्रितमलाही उत्तर माहीत होतं. तो खोकत खोकत "हाऊ, हाऊ" करायला लागला. आईने त्याला पाणी दिलं.

करिष्माने त्याच्याकडे बघितलं. मग शेठकडे.

"वीकली ऑफ."

"चूक. हाऊसवाइफ."

"काका, आमच्या गेटवर लिहिलंय. वर्किंग सोमवार ते शनिवार, वीकली ऑफ रविवार. हाऊसवाइफ असा बोर्ड कुठल्या गोडाऊनला बघितलात?"

शेठनी डोळे मिटले. मनातल्या मनात ते अख्खं वडपे फिरून आले असावेत, कारण बराच वेळ लागला.

"बोर्ड न्हाय," ते कबूल झाले. "पन डायरीत हाय."

"लग्नानंतर ड्युटी चालू का बंद, हेच विचारताय ना? चालू."

शेठनी डायरी बंद केली. प्रितमचं खोकणं थांबलं. "चल गो विनिता, निंगू," शेठ उठत म्हणाले.

काकू उठल्या नाहीत. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"एक सांगा मना. मी हाऊसवाइफ, म्हंजे मी वर्किंग न्हाय. बरोबर?"

"बरोबर."

"मंग सकाली चारला उठून वीस भाकऱ्या थापल्या, ती कोन व्हती?"

शेठनी डायरी पुन्हा उघडली. पुढून शोधलं, मागून शोधलं.

"त्यात न्हाय घावाची," काकू म्हणाल्या. "आज वार कंचा?"

"रविवार."

"मी सुटीवर. पोरगी मना पसंत हाय, तिची ड्युटी चालूच ऱ्हाईल. आता घरी जाऊन रांधनार कोन, ता तुमी ठरवा."

शेठ खाली बसले. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. "पोरगी पसंत," ते पंख्याला म्हणाले, आणि मग बाबांना हळूच, "आज हितंच जेवू का?"

बाबा एकदम खुलले. "म्हणजे काय! आमच्या हिच्या हातचं..."

आई पदराला हात पुसत येऊन काकूंच्या शेजारी सोफ्यावर बसली.

"हितं पन रविवारच हाय," ती म्हणाली.

पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात आम्ही चार पुरुष उभे होतो. बाबांनी पीठ शोधायला फ्रिज उघडला. या घरात त्यांना तीस वर्षं झाली. प्रितमने चार डबे हुंगून तांदळाचं पीठ शोधलं, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदा जावयासारखं बघितलं. शेठनी बाह्या वर केल्या, परातीत पीठ ओतलं आणि मला विचारलं, "पानी गार लागतं का गरम?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी प्रितमकडे. बाहेर तिघी लग्नाची तारीख काढत होत्या, मध्येच मोठ्याने हसत होत्या. जाऊन विचारायला कोणी तयार होईना.

"अर्धं गार, अर्धं गरम घालू," शेठ म्हणाले.